मदत हवी आहे: हवामान धोरणाच्या संशोधकाचा प्रभाव मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. हवामान धोरणावर आयुष्यभर काम केलेल्या एका संशोधकाच्या कामाचा आढावा लिहिते आहे आणि 'प्रभाव' या भागाशी गाडी अडली आहे.

एच-इंडेक्स काढून झाला. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला हा आकडा २० असेल, तर किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणं, म्हणजे इतर निबंधांत आलेले संदर्भ. पण धोरण बदललं का, हे त्यातून कळत नाही.

आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती, स्वतः नवं संशोधन करत नाही, झालेलं तपासते. म्हणून तिच्या अहवालातला संदर्भ मला जास्त मोलाचा वाटतो. तरी एका वाक्यामागे कंसात चार-पाच नावं असतात. त्यातल्या कुणामुळे ते वाक्य तसं लिहिलं गेलं, हे कसं ओळखायचं? मसुद्यांवरचे समीक्षकांचे शेरे आणि लेखकांची उत्तरं आयपीसीसी प्रसिद्ध करते. ती कुणी अशा कामासाठी चाळली आहेत का? कुठून सुरुवात करू?

शिवाय सरकारी समितीत तोंडी दिलेला सल्ला कुठल्याच उद्धरणात दिसत नाही. त्यासाठी मुलाखतींवर विसंबावं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. या माणसाच्या कामाला न्याय मिळावा, एवढी मनापासून इच्छा आहे.