हौदातले गप्पी मासे कमी व्हायलेत, सापानं खाल्ले का?

परभणीकर०७: मागच्या अंगणात लिंबाखाली सहा बाय चारचा सिमेंटचा हौद हाय, आत कमळ, कडेला कर्दळ. डासांसाठी तीसेक गप्पी सोडले होते, आता आठच राहिलेत. पारा ४२ वर गेल्यापासून सगळी जत्रा हौदावरच भरायली, सातभाई, बुलबुल, होले, दुपारी तर मधमाश्या इतक्या की जवळ जाता येईना. त्यात परवा कर्दळीत साप दिसला, पिवळट अंगावर काळे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. आई म्हणती सर्पमित्राला बोलवा नाहीतर हौदच बुजवा. काय करू?

गोदाकाठ: डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा होत्या का? असतील तर दिवड हाय, बिनविषारी. पण हात लावू नका, लई चिडका, चावतो. मासे-बेडूक खातो हे खरं, पण मला बगळ्याचा संशय येतोय. उजाडताना खिडकीआडून बघा. अन् साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा हाय, आईला सांगून ठेवा.

उदगीरची_बाग: मधमाश्या नुसत्या पाणी प्यायला येत नाहीत हो, पोळं गार ठेवायला नेतात. थेंब आत पसरवायचे अन् पंखांनी वारा घालायचा, आपल्या कूलरसारखंच. कडेला ओलं पोतं टाका, अर्धं पाण्यात सोडून, म्हणजे त्यावरच बसतील, बुडून मरणार नाहीत. फवारा बिवारा मारू नका.

परभणीकर०७: रेघा होत्या, दिवडच. अन् आज पावणेसहाला मोरीच्या खिडकीत बसलो तर चोर सापडला! मान पिवळसर, पाठ मरून, कडेवर असा गप उभा की कुणी पुतळा आणून ठेवलाय. पाच मिनिटं हलला नाही, मग टपकन एक गप्पी गट्ट. अन् उडाला तर पांढराफेक!! मरून पाठीचा बगळा असतो का?

गोदाकाठ: ढोकरी ती, पुस्तकात वंचक म्हणतात. एरवी पाठ मातकट असती, विणीच्या दिवसांत मरून होती, म्हणून लोक दुसराच पक्षी समजतात. पंख मिटले की पांढरं सगळं झाकतं. हौदात फुटका माठ आडवा टाका, गप्प्यांना लपायला. वरून जाळी नको, दिवड अडकून मरतो.

परभणीकर०७: काल माठ टाकला. गप्पी एकबी आत गेला नाही, दिवडच जाऊन बसलाय. आईला अजून सांगितलं नाही.