जुने लाकडी खिळे सुटे विकून भिंतीवर लावणं: सजावट की नासधूस?

शाईवेडी: घर सजवायला अक्षरं लावायची आवड मलाही आहे, पण छापखान्यातले जुने लाकडी खिळे, म्हणजे छपाईचं एकेक अक्षर कोरलेले ठोकळे, सुटे सुटे विकत घेऊन त्यांनी स्वतःचं नाव जुळवून फ्रेम करायची जी लाट आलीये ना ती थांबायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. एका घाटाच्या सगळ्या अक्षरांचा सेट एकदा फुटला की त्याने छापणं संपलं. लोक काय नेतात, स्वतःची आद्याक्षरं आणि आकडे, मग उरलेला ढीग कुणाच्याच कामाचा नाही. देवनागरीत तर आणखी वाईट, कारण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळं धरून शेकडो खिळे लागतात, त्यातले चार गेले तरी पोस्टरची एक ओळ नीट जुळत नाही. मोठी अक्षरं शिशात ओतली की फार जड व्हायची आणि थंड होताना पृष्ठभाग वाकडातिकडा व्हायचा, म्हणून लाकूड आलं. डेरियस वेल्सने अमेरिकेत १८२७ मध्ये ते मशीनवर कोरायची पद्धत काढली. अशी वस्तू शोपीस म्हणून संपवायची?

भिंतवाला: संपवायची म्हणजे? खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारी ऑफसेट छपाई आल्यावर छापखाने बंद पडले तेव्हा शिसं वितळवलं आणि लाकूड सरळ जळणात गेलं, तेव्हा कुणी हळहळलं नाही. आज निदान लोक पैसे मोजून घेतात, रोज बघतात, मुलं विचारतात हे काय आहे. माझ्या भिंतीवरचा 'अ' नसता तर तो राख झाला असता. मला यात काडीचाही अपराध वाटत नाही.

कोरीवकाम: दोघांनाही एक सांगतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे भिंतीवर नाव उलटंच दिसतं. मग लोक काय करतात, मागच्या बाजूला रंगवतात नाहीतर घासून पॉलिश मारतात, आणि तिथे खरा खून होतो. खिळ्याची उंची इंग्लंड-अमेरिकेत ०.९१८ इंच ठरलेली, कागदाच्या जाडीएवढा फरक पडला तरी छाप फिकी येते. घासलेला खिळा परत प्रेसवर चढत नाही. लावायचंच तर त्या खिळ्यांनी एक छाप काढून ती फ्रेम करा ना, शाईचा दाब, लाकडाच्या रेषा सगळं दिसतं आणि अक्षर सुलटं येतं.

भिंतवाला: छाप काढायला प्रेस कुठून आणू?

कोरीवकाम: प्रेस लागतेच असं नाही. रोलरने पातळ शाई लावायची, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं, एकदोन अक्षरांना पुरतं. दाब एकसारखा ठेवायचा बास.

रेषाताई: मी वेगळंच म्हणते, जुन्याच्या मागे लागूच नका. ब्रश घ्या, कट निब म्हणजे टोक कापलेली निब घ्या, स्वतः लिहा. नाहीतर फुकटचा फॉन्ट लेझरने कापून आणतात, अक्षरांमधल्या मोकळ्या जागेकडे कुणी बघत नाही, दोन अक्षरं चिकटलेली आणि तिसरं लांब, ते बघूनच जीव कासावीस होतो. हाताने लिहिताना ती जागा डोळा आपोआप सावरायला शिकतो.

भिंतवाला: सगळ्यांचा हात तसा वळत नाही ताई. ज्याला लिहिता येत नाही त्याने घरात अक्षर लावूच नये का?

काळजीवाहू: एक महत्त्वाचं. धातूचे खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. ते मुलांच्या खोलीत नकोत, हाताळले तर हात धुवा, आणि घरी घासू तर अजिबात नका, धूळ फार वाईट.

शाईवेडी: भिंतवाला, जळणातून वाचलेलं एकटं अक्षर लावा, त्याला माझा विरोध नाहीच. चीड आहे ती पूर्ण सेट असूनही फोडून विकणाऱ्यांची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्सला लाकडी खिळ्यांचं अख्खं म्युझियम आहे, तिथे लोक आजही त्यांनी छापतात. घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा की सेट अख्खा आहे का, आणि असेल तर फोडू नको म्हणा.

भिंतवाला: विचारेन. पण अख्खा सेट सांभाळायला जागा कुणाकडे आहे, ते कुणीच सांगत नाहीये.