'कंटेनमेंट'ला बीमोड म्हणावं का?

भाषांतरी: नक्षलवादी चळवळीवरच्या अहवालाचं मराठी करतोय. 'कंटेनमेंट'ला, म्हणजे पसरू न देता मर्यादेत रोखून धरण्याला, मसुद्यात 'बीमोड' आलंय, ते खटकतं. बीमोड म्हणजे बीसुद्धा शिल्लक न ठेवणं. अहवालात आहे ते वेगळं: पोलीस मदत केंद्रं, रस्ते, मोबाइल टॉवर, नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव, आत्मसमर्पण योजना, आणि त्यामुळे दलमांचा, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांचा, आक्रसत गेलेला वावर. 'प्रतिबंध' घ्यावा तर तो घडण्याआधीचा. काय घेऊ?

माजघर: पायबंद. घोड्याचे मागचे पाय ज्या दोरीने बांधतात ती. घोडा जिवंत असतो, उभा असतो, लांब जाऊ शकत नाही.

कोरडवाहू: नाम हवंच कशाला? 'आटोक्यात आणलं' लिहा. आग, साथ, बंड, तिन्ही आटोक्यातच येतात. 'इन्सर्जन्सी'ला मात्र 'बंडखोरी' नको. बंडखोर म्हटलं की आता तिकीट न मिळालेला उमेदवार डोळ्यापुढे येतो. 'सशस्त्र बंड' बरं.

भाषांतरी: घेतलं. उगमाच्या प्रकरणात 'पेझंट'ला 'कूळ' केलंय.

माजघर: ते बदलाच. १९६७ साली पश्चिम बंगालमधल्या नक्षलबारी गावात उठले त्यांत अधियार मोठ्या संख्येने होते. अधियार खंड म्हणजे ठरलेलं भाडं भरत नाही, पीक वाटून देतो, आपल्याकडची अर्धेली. कूळ म्हटलं की मराठी वाचकाला कूळकायदा आणि सातबारा आठवतो. इथे तर हातात कागदच नसायचा, म्हणून मालकाला हुसकावणं सोपं जायचं. गडचिरोलीच्या प्रकरणात अर्धेलीही चालणार नाही. १९८० नंतर आंध्रातून आलेल्या दलमांनी तिथे पाय रोवले ते तेंदूपत्ता आणि बांबूतोडीच्या मजुरीवर. ७० पानांचा एक पुडा आणि भाव शेकड्याने, असा तो हिशोब. तिथे 'मजूर' लिहा, घरी शेती असली तरी.

शुद्धमती: 'नक्षली' कुठे शिरलं असेल तर काढा, ते हिंदीतून आलंय. 'नक्षलग्रस्त' म्हणजे गावाच्या नावाचा तुकडा तोडून लावलेलं शेपूट. आणि 'वामपंथी उग्रवाद' तर नकोच. मराठीत वाममार्ग म्हणजे वाईट वाट. शब्दातच निकाल लागतो.

कोरडवाहू: मग 'डावा' तरी कुठे सुटतो? सरस ठरतो तो आपल्याकडे 'उजवा'च. नक्षलग्रस्त शासन निर्णयांत आहे, लोकांच्या तोंडी आहे. राहू द्या.

तळटीप: हिंदीवाले नक्सल लिहितात. बंगालीत क आणि श आहे, तेव्हा आपलं नक्षल उच्चाराला जवळचं. 'बारी' म्हणजे आपली वाडीच. नक्षीशी संबंध नाही.

शुद्धमती: क्षमध्ये ष आहे, श नाही. मग सरळ 'नक्शल' लिहा.

तळटीप: बोलताना ष वेगळा काढतं कोण?

माजघर: त्याहून महत्त्वाचं, 'आयईडी'ला, म्हणजे घरगुती बनावटीच्या स्फोटकाला, सरसकट 'भूसुरुंग' करू नका. पाय पडताच फुटणारा वेगळा, आणि रस्त्याखाली पुरलेला, लांबून कुणीतरी फोडतो तो वेगळा. १ मे २०१९ ला गडचिरोलीतल्या जांभूरखेड्याजवळ १५ जवान आणि चालक गेले, ते गाडीखालच्या स्फोटात. दुसऱ्या प्रकाराच्या भीतीने गाडी सोडून पायी गस्त घालतात. पहिल्याच्या भीतीने रुळलेली पायवाटही टाळतात. एकच शब्द वापरला तर वाचकाला हे उलगडणार नाही.

कोरडवाहू: 'पेरलेला स्फोट' आणि 'दाबसुरुंग'?

शुद्धमती: स्फोट पेरत नाहीत, स्फोटकं पेरतात.

भाषांतरी: आणि पायबंद?

तळटीप: सुरुंग मुळात ग्रीक 'सिरिंक्स'वरून संस्कृतात आला असं मानतात. सुरुंगा म्हणजे भुयार, अर्थशास्त्रात आहे. म्हणजे भूसुरुंगातला 'भू' जास्तीचा.

शुद्धमती: जास्तीचा कसा? तो काढला तर विहिरीचा सुरुंग कुठला आणि हा कुठला, ते कसं कळणार?