घरी सहा वर्षांची मांजर आहे, दारात आलेलं अति हुशार पिल्लू ठेवून घेऊ का? (फोंडा)

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे शेवंती आहे. वय सहा, ऑपरेशन झालेलं, आणि वागणं असं की घराची घरपट्टी हीच भरते. गेल्या आठवड्यातल्या धुवाधार पावसात मागच्या पडवीत चुडतांच्या ढिगाखाली एक तांबडं पिल्लू सापडलं. दोन दिवस वाट पाहिली, आई काही आली नाही. आता पडवीतच खोक्यात ठेवलंय.

पण काय डोकं आहे हो त्याला! पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला तर कानही हलत नाही, नुस्तेकान्नीची, म्हणजे मासेवालीची, हाक आली की फाटकाशी हजर. ती परवा म्हणाली, "बाये, हें माजर न्हय गो, पोलीस!" काल तर कहर झाला. स्वयंपाकघरात जुनं जाळीचं कपाट आहे, त्याला फिरती लाकडी खिटी. मी दाराआडून पाहत होते. साहेबांनी डाव्या पंजानं खिटीचं टोक खाली ओढलं, मागचे पाय कपाटाला टेकवून अंग मागे टाकलं, दार उघडलं. आत तळलेला बांगडा. त्याच्याकडे जायच्या आधी मागे वळून माझ्याकडे पाहिलं!

तेवढ्यात शेवंती आली. फिस्कारली, शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशएवढी झाली, आणि कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली ती रात्रीपर्यंत उतरली नाही. जेवलीही नाही.

यजमान म्हणतात ठेवू. सासूबाई म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी कशाला. मला वाटतं पिल्लू एवढं हुशार आहे तर शेवंतीशी कसं वागायचं ते शिकेल. त्याला शिकवायचं कसं?

कुळागर

फोटो टाका आधी! तांबडं आहे म्हणजे बहुतेक बोका. पाच तांबड्या मांजरांत साधारण चार नर निघतात.

सोप्यावरचा

एवढं काय मनावर घेता? आमच्या साखळी गावातल्या घरात एका वेळी सात मांजरं होती. नवं आलं की आठ दिवस आरडाओरडा, मग सगळी एका सुपात. द्या सोडून, त्यांचं ती बघून घेतात.

मांजरमावशी

सोप्यावरचे दादा, तुमच्या घराला परसू होतं, माडी होती, गोठा होता. एकाला दुसरं नको झालं तर ते दोन दिवस गवताच्या माडीवर जाऊन राहायचं आणि तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. सुपातली सात दिसली, निघून गेलेली कुणी मोजली? बंद घरात पळायला जागा नसते, तिथे हा हिशेब चालत नाही.

अबोलीताई, पिल्लू ठेवा. पण तुमचा प्रश्न उलटा आहे. शिकायचं पिल्लाला नाहीये, ते कुठेही रुळेल. शिकायचंय शेवंतीला, आणि तिचं घर तिला न विचारता वाटून टाकलंय. तेव्हा सगळं तिच्या चालीनं.

आधी दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत. हे भांडणासाठी नाही, आजारासाठी. मांजरांच्या पार्व्होला, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाला, समोरासमोर यावंच लागत नाही. तुमच्या चपलेवरून, कपड्यावरून जातो, आणि जमिनीवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो. शेवंतीचं ट्रायकॅट, म्हणजे त्यावरची लस, राहिलं असेल तर डॉक्टरांना विचारून तिचं आधी उरकून घ्या. पिल्लाला पहिलं सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत.

वय ओळखायचं तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. महिन्याला साडेचारशे ग्रामच्या आसपास भरतं, अर्थात पोट भरलेल्या पिल्लाचं. उपाशी पिल्लू वजनावरून लहान वाटतं, म्हणून दातही बघा. पोट ढोलकीसारखं असेल तर जंत. औषध डॉक्टरांकडून, वजनावर.

खोलीच्या दाराला दांडीचं हँडल असेल तर बाहेरून वर कडी लावा. खिटी फिरवणारा हा महाभाग हँडलला लटकायला किती दिवस घेणार?

मग वासाची ओळख. पिल्लाच्या खोक्यातलं फडकं शेवंतीच्या ताटलीपासून चार हातांवर ठेवा, तिचं त्याच्याकडे. रोज थोडं जवळ. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. ती निवांत जेवायला लागली की दार दोन बोटं उघडं. आठवडा लागेल, दोन महिनेही लागतील. फिस्कारलं तर ओरडू नका, ते तिचं बोलणं आहे. काळजी कशाची करायची सांगते: आवाज न करता दारात बसून टक लावणं, दुसऱ्याला मुताच्या ट्रेकडे जाऊ न देणं. बाहेरून शांतता दिसते, पण खरी दादागिरी ती. म्हणून ट्रे तीन हवेत, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. किनाऱ्यावरची रेती आणू नका, पावसाळ्यात ती सुकतच नाही, वर मुंग्या.

आणि शेवंती दिवसभर जेवली नाही तर थांबू नका, डॉक्टर गाठा. उपाशी राहिलेल्या मोठ्या मांजराचं यकृत बिघडतं.

तिसरा_मजला_पणजी

मावशींच्या दोन आठवड्यांना माझं दुप्पट अनुमोदन. मी पावसातलं पिल्लू आणलं ते थेट हॉलमध्ये. चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या, सहाव्या दिवशी गेलं. आमच्या जुन्या बोक्याचं लसीकरण मीच आळसानं पुढे ढकललं होतं. तो नऊ दिवस सलाइनवर राहून वाचला. तेव्हा कळलं की फिनेलनं फरशी पुसणं हा उपायच नव्हे, उलट फिनेल मांजरांना विषारी. लादी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग साध्या पाण्यानं.

पिसवा असतील तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध मांजरावर चुकूनही नको. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, मांजर तडफडून मरतं. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही नाही.

अबोली_फोंडा

बाप रे. आमच्या लाल कोब्याला रोज फिनेल! आजपासून बंद. शेवंती आज सकाळी जेवली, देवाची कृपा.

दोन प्रश्न. सासूबाई दूधभात देतात, पिल्लाला पातळ होतंय. आणि त्या म्हणतात गोव्यात रेबीज उरलाच नाही, मग ते इंजेक्शन कशाला?

मांजरमावशी

पातळ होतंय ते गाईच्या दुधानंच. दूध बंद, पाणी आणि पिल्लांचं खाणं. बांगडा उकडून, काटे काढून, चवीपुरता. कच्च्या मासळीवर तर मुळीच वाढवू नका, त्यानं ब-१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं.

सासूबाईंना सांगा, 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झाला तो वर्षानुवर्षं कुत्र्यांना टोचल्यामुळेच. टोचणं थांबवलं तर तो परत यायला वेळ नाही लागायचा. बारा आठवड्यांचा झाला की द्या. आणि चार-पाच महिन्यांत नसबंदी, नाहीतर तुमच्या पडद्यांवर त्याची सही दिसेल.

कुळागर

फोटो??

सोप्यावरचा

मावशी, तुमचं परसवाचं म्हणणं रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन मांजरं शेजारच्या वाड्यावर जाऊन राहिली होती, तुला कुठे ठाऊक. घेतले शब्द मागे.

अबोली_फोंडा

पाच आठवडे झाले, म्हणून कळवते. आणलं तेव्हा 820 ग्राम होता, आता दीड किलोच्या वर. ट्रायकॅटची दोन इंजेक्शनं झाली. कडी वरच लावली होती, तरी हँडलला लटकून झोके घेतच होता.

फडक्यावर शेवंती पहिले चार दिवस पाय झाडून निघून जायची. दाराआड जेवायला अकरा दिवस लागले. आता दिवसातून दोनदा अर्धा तास एकत्र असतात, मी मध्ये माळा करत बसलेली. अजून मैत्री वगैरे नाही. तो जवळ गेला की ती एक चापट देते, नखं आत ठेवून, आणि तो तेवढाच मागे सरकून बसतो. अंतर मोजून ठेवलंय त्यानं, साधारण दीड फरशी.

काल मात्र जाळीच्या कपाटाशी वेगळंच पाहिलं. खिटी त्यानं फिरवली, दार उघडलं, आणि बाजूला झाला. शेवंती आली, बांगड्याचं डोकं तोंडात धरलं आणि निघून गेली. मग तो आत शिरला.

कपाटाला आता कुलूप लावलंय. कुळागर, फोटो चतुर्थीनंतर टाकते, सध्या मोबाइल समोर धरला की तो चाटतो.