मदत हवी आहे: बदामी-ऐहोळे-पट्टदकल, दोन दिवस, एकटीच जाणार आहे. मेगुतीचा शिलालेख नेमका कधी बघावा?

फळाखडू:

नमस्कार मंडळी,

शाळेत इतिहास शिकवून आता निवृत्त झाले. दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवलं, हे वाक्य किती वर्षं फळ्यावर लिहिलं त्याची मोजदाद नाही. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असायचं: ही माहिती ऐहोळेच्या शिलालेखातून मिळते. (तो लेख तिथल्या टेकडीवरच्या मेगुती मंदिराच्या भिंतीवर आहे.) एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, दगडावर लिहिताना चुकलं तर ते खोडायचं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. मी तोवर एकही शिलालेख जवळून पाहिलेला नव्हता. ते मनात राहून गेलं ते आजतागायत.

तर आता जायचं ठरवलं आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा. गुरुवारी पहाटे बदामी स्टेशनवर उतरेन आणि शुक्रवारी रात्रीची परतीची गाडी आहे. एक मुक्काम, दोन दिवस. त्याहून जास्त दिवस सध्या काढता येत नाहीत. एकटीच जाते आहे. घरच्यांची काळजी समजते, पण "एकटी जाऊ का" हा प्रश्न इथे विचारत नाहीये, तो सुटलेला आहे. कसं जाऊ, एवढं सांगा.

उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर चालायला काही वाटत नाही, पायऱ्या चढताना सावकाश चढावं लागतं आणि उतरताना कठडा लागतो. मुलाने मला जो तक्ता करून दिलाय त्यात बदामीची लेणी, दोन्ही बाजूंचे किल्ले, महाकूट, बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे असं सगळं आहे आणि प्रत्येकापुढे पाऊण तास लिहिलाय. मला असं बघायचं नाहीये. लेखासमोर निदान तासभर उभं राहायचं आहे. त्यासाठी बाकीचं सोडायची तयारी आहे, फक्त काय सोडू ते कळत नाही.

मेगुतीच्या टेकडीवर चढायला गुडघ्याला झेपेल असा रस्ता आहे का? आणि लेख नीट दिसावा म्हणून कोणत्या वेळी जावं? फोटोंत तो कधी सपाट करडा दगड दिसतो, तर कधी अक्षर न् अक्षर उठून दिसतं.

वाटाड्या:

ताई, आधी मुलाचा तक्ता बाजूला ठेवा. अंतरं बघा, म्हणजे आपोआप उलगडेल. बदामीपासून पट्टदकल साधारण 22 किलोमीटर आणि तिथून पुढे ऐहोळे आणखी 13-14. म्हणजे पट्टदकल वाटेतच आहे. एक दिवस बदामी, एक दिवस ऐहोळे आणि पट्टदकल, एवढंच दोन दिवसांत शांतपणे होतं. महाकूट आणि बनशंकरी सोडा.

स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे, पहाटेच्या अंधारात उतरणार असाल तर राहण्याच्या ठिकाणी आधीच सांगून रिक्षा बोलावून ठेवा. दुसऱ्या दिवशीसाठी दिवसभराची रिक्षा किंवा गाडी ठरवा. पट्टदकलला बस मिळते, ऐहोळेच्या बस मोजक्या आहेत, आणि परतीची रेल्वे असताना बसच्या भरवशावर राहू नये. हिंदीत बोलणं सहज होतं, बदामीत मराठी समजणारेही भेटतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या: पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. त्यामुळे बदामीचं संग्रहालय गुरुवारीच उरका. तिथली लज्जागौरीची मूर्ती चुकवू नका. ऐहोळेचं संग्रहालय मात्र तुमच्या वारांत बसणार नाही.

नदीकाठ:

काकू, मी मागच्या वर्षी एकटीच गेले होते. भीतीचं काही नाही, पण बदामीला उत्तरेकडच्या किल्ल्याची वाट उंच कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून जाते. तिथे सकाळी, माणसांची ये-जा असतानाच जा, उन्हं कलल्यावर नको. गुडघा बघता मी तर म्हणेन तो किल्ला सोडाच. लेण्यांच्या पायऱ्याही उंच आहेत, पण चार लेणी चढत्या क्रमाने आहेत, प्रत्येकाच्या ओसरीत बसून दम खाता येतो. माकडं फार आहेत. हातात पिशवी धरू नका, सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. माझ्या हातातली केळ्यांची पिशवी पहिल्याच वळणावर गेली आणि ओढाताणीत मी पायरीवर घसरले. तुमच्या गुडघ्याला तसला हिसका नको.

संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या काठाने भूतनाथाच्या देवळापर्यंत चालत जा. वाट सपाट आहे. देऊळ तळ्याच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन समोरून त्याच्यावर येतं आणि तो तांबूस दगड पाण्यात दिसतो. मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले होते.

उंबरठा:

माझं मत थोडं वेगळं आहे. इतक्या लांब जाताय तर बदामीत अर्धाच दिवस द्या आणि पट्टदकलला पूर्ण वेळ द्या. 1987 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि ते उगीच नाही. एका आवारात उत्तरेकडच्या धाटणीची, आत वळत जाणारी नागर शिखरं आणि त्यांच्या शेजारी पायऱ्यापायऱ्यांची द्राविड शिखरं उभी आहेत. गळगनाथ (नागर) आणि संगमेश्वर (द्राविड) ही मंदिरं पाठोपाठ बघितली की फरक पुस्तकाशिवाय कळतो. विरूपाक्षाचं मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवरा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. आठव्या शतकातलं हे काम. वेरूळच्या कैलासावर याची छाप आहे असं अभ्यासक मानतात, आणि कैलास पाहिलेल्या माणसाला समोरचा नंदीमंडप बघताच ते जाणवतं.

फळाखडू:

सगळ्यांचे आभार. उत्तर किल्ला, महाकूट, बनशंकरी रद्द केलं. उंबरठा, तुमचं वाचून पट्टदकलचा मोह वाढलाय, पण बदामीचं तिसरं लेणं अर्ध्या दिवसात घाईने बघवणार नाही. त्यातल्या लेखावर शक 500, म्हणजे इसवी सन 578 असा काळ आहे ना? इतक्या जुन्या लेण्याचा नक्की काळ सापडणं किती दुर्मीळ, हे मी मुलांना सांगत आले.

दुसऱ्या दिवशी आधी पट्टदकल की आधी ऐहोळे? वाटेत पट्टदकल आधी लागतं म्हणून रिक्षावाला तिथेच थांबेल असं वाटतं.

शिळाछाप:

बाई, आधी ऐहोळे. पट्टदकल ओलांडून सरळ पुढे जा आणि परतताना तिथे थांबा. कारण उजेड.

मेगुतीचा लेख मंदिराच्या पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. सकाळी लवकर गेलात तर सूर्य भिंतीच्या समोर असतो, उजेड सपाट पडतो आणि कोरलेली अक्षरं दगडात बुडून जातात. तुम्ही म्हणता तो करडा सपाट फोटो तेव्हाचा असणार. दुपार झाली की भिंत सावलीत जाते. मधला वेळ तुमचा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे साडेदहानंतर ऊन भिंतीला घासून तिरकं येतं, प्रत्येक खाचेत सावली धरते आणि ओळी वर येतात. साडेनऊला टेकडीच्या पायथ्याशी पोचा, दगडी पायऱ्या आहेत, सावकाश चढा. अर्ध्या वाटेवर दोन मजली बौद्ध वास्तू लागते, तिच्या ओसरीत बसा. लेखाला हात मात्र लावू नका, खडू-पाणी तर नाहीच. दगड वालुकाश्म आहे, झिजतो.

जाण्याआधी एक काम करा. कीलहॉर्न यांनी हा लेख 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात ओळीओळीने छापला आहे. (हे गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत असत.) जुन्या खंडांच्या प्रती महाजालावर मिळतात. तेवढी पानं छापून घ्या. एकूण 19 ओळी, 37 श्लोक. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, आजची कन्नड येणाऱ्यालाही ती सहज वाचता येत नाही. पण पाठ हातात असला की कोणत्या ओळीत काय आहे ते बोटाने मोजून सापडतं. पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा, त्यांतल्या 99 हजार गावांचा अधिपती झाला, तो श्लोक आधी शोधा. आपल्या प्रदेशाचं नाव त्या दगडावर बघताना वेगळंच वाटतं.

आता तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाबद्दल. फार चांगला प्रश्न आहे. मजकूर बहुधा आधी दगडावर रंगाने किंवा खडूने लिहून घेत आणि कोरणारा त्यावरून छिन्नी चालवी, म्हणजे बऱ्याच चुका कोरण्याआधीच सापडत. तरी चूक झालीच तर ते अक्षर ठोकून सपाट करत आणि वर नवं कोरत. तिथला दगड किंचित खोलगट लागतो. अक्षर सुटलं असेल तर ते ओळीच्या वर, खाली किंवा समासात कोरून जागेवर फुलीसारखी खूण करत. तिला काकपद किंवा हंसपद म्हणतात. वहीत आपण शब्द सुटल्यावर जी खूण करतो, तिचीच ही पणजी.

फळाखडू:

शिळाछाप, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. काकपद हा शब्द मला माहीत होता तो पोथ्यांतला. दगडावरही तेच असेल हे सुचलं नव्हतं. ती मुलगी आता कुठे असते ते शोधते आहे.

पानं छापून घेतली. श्लोकांना आकडे आहेत, मी बाजूला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते आहे. शुक्रवारी आधी ऐहोळे, पक्कं.

वाटाड्या:

ताई, रिक्षा ठरवतानाच सांगा की ऐहोळेला तीन-साडेतीन तास थांबायचं आहे, नाहीतर तो तासाभराने हाका मारायला लागेल. आणि मेगुती उतरल्यावर दुर्ग मंदिर बघा. ते दुर्गादेवीचं नव्हे, पूर्वी दुर्गाच्या, म्हणजे गढीच्या बांधकामात ते आलं होतं म्हणून ते नाव. मागची बाजू गोलाकार, गजपृष्ठासारखी आहे. त्याच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर सावली असते, भर दुपारी तिथेच फिरा.

नदीकाठ:

आणि काकू, गेल्यावर इथे एक ओळ टाका. आम्ही वाट बघू.

फळाखडू:

काल परतले. गुडघा सुजलाय, पण शेकून बरा होईल.

गुरुवारी बदामी. तिसऱ्या लेण्यात दोन तास गेले, चौथं घाईत झालं, त्याची चुटपुट आहे. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघताना एक आजोबा नातवाला हात मोजायला लावत होते, आणि तो दर वेळी वेगळाच आकडा सांगत होता. संध्याकाळी भूतनाथाला बसले. नदीकाठ, तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच होतं.

शुक्रवारी दहाच्या आत मेगुतीवर पोचले होते. वर कोणी नव्हतं. पहिल्या नजरेला भिंत नुसती खरबरीत दिसली आणि वाटलं, वेळ चुकली. मी पायरीवर बसून राहिले. पावणेअकराच्या सुमारास डावीकडून ऊन घसरत आलं आणि ओळी दिसायला लागल्या. अक्षरं माझ्या कल्पनेपेक्षा फार लहान निघाली, करंगळीच्या नखाएवढी. इतकी वर्षं मी वर्गात हात पसरून "एवढा मोठा लेख" असं दाखवत आले होते. लेख दोन हात पसरले तर मावेल असाच आहे, पण त्यात केवढं राज्य बसवलंय.

हवेतच बोट धरून एकोणीस ओळी मोजल्या. पानावरचा श्लोक आणि दगडावरची ओळ जुळवत गेले. महाराष्ट्रकांची ओळ सापडली असं वाटतं, खात्री नाही, कारण अक्षरं ओळखता येत नव्हती, फक्त मोजता येत होती. शेवटाकडच्या ओळींत रविकीर्तीने स्वतःची कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची म्हटली आहे. त्या जागेसमोर उभं राहून मी तो श्लोक मोठ्याने वाचला. तो माणूस स्वतः हे मंदिर बांधवणारा, शक 556 मध्ये, आणि भिंतीवरचं काव्यही त्याचंच.

काकपद शोधलं. माझ्या डोळ्यांना सापडलं नाही. एका ठिकाणी दगड खोलगट वाटला, पण ती झीज असू शकेल.

पट्टदकलला तीन तास मिळाले. उंबरठा, विरूपाक्षाच्या खांबांवरचे रामायणाचे प्रसंग बघून झाले आणि तिथल्याच पापनाथाच्या मंदिरात जायला वेळ उरला नाही. तेवढं राहिलं.

एक नवीन मदत हवी आहे. ती लिपी शिकायची आहे. देवनागरी आणि थोडं संस्कृत येतं, कन्नड अजिबात नाही. सहाव्या-सातव्या शतकातल्या चालुक्यांच्या लेखांतली अक्षरं ओळखता यावीत एवढंच. आधी ब्राह्मी शिकून मग पुढे यावं, की थेट या अक्षरांच्या तक्त्यापासून सुरुवात करावी? शिळाछाप, तुम्ही कशी सुरुवात केली होती?