रजा संपतेय, शेठकडे घरून काम कसं मागू?

भुसावळहून जळगावला अप-डाऊन करते, दालमिलमध्ये अकाउंट्सला आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा सोमवारी संपते. सकाळी साडेआठला निघून रात्री आठला घरी. सासूबाई बाळाला सांभाळतील, पण ते अजून अंगावरच पितं. इतका वेळ सोडून जायला जीव धजत नाही. जीएसटीचं काम लॉकडाऊनमध्ये मी घरूनच केलं होतं. शेठना विचारलं, तर "बघू" म्हणाले.

उत्तर १ : ताई, लेखी अर्ज द्या. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत घरून कामाची तरतूद आली, पण ती दोघांच्या संमतीनेच. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला कामाच्या वेळेत रोज दोन छोट्या सुट्ट्या मात्र कायद्यानेच मिळतात. कामावर ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघरही हवं.

उत्तर २ (चाळीसगाव) : मी "तीन महिन्यांपुरतं" असं लिहिलं, म्हणून साहेब तयार झाले. घरून कोणती कामं करणार, तेही लिहा. जीएसटी रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखेला हजर राहीन, हे आधीच सांगून टाका. मालकांना तीच धास्ती असते.

पुन्हा मी : सुट्ट्यांचं माहीतच नव्हतं! पण तेवढ्यात भुसावळला जाऊन येणं कसं जमणार? आठवड्यातून तीन दिवस घरून काम मागते. आज रात्रीच अर्ज लिहायला बसते.