ओकोनोमियाकी: पैसे देऊन स्वतःच भाजायची, यात गंडवलं कुणी?

तेन्नोजीकर
परवा पोळपाट_लाटणं यांचा जपान सहलीवरचा लेख वाचला. ओसाकातल्या ओकोनोमियाकीच्या जेवणाबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टेबलातच तवा, पुढ्यात पीठ-कोबीची वाटी आणून ठेवली, स्वतः भाजा, स्वतः उलटा, स्वतः धूर खा आणि वर 1,200 येन मोजा. चव म्हणाल तर गोड सॉस फासलेलं कोबीचं थालीपीठ. शेवटी 'जपान्यांनी आम्हाला गंडवलं' हे वाक्य, आणि त्याखाली वाहवाची रांग. मी ओसाकात राहतो. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

वाटीत काय होतं ते तरी बघायचं. पाण्याऐवजी दाशी असते. किसलेला नागाइमो नावाचा कंद असतो, त्याने पोत हलका होतो. तळणातला कुरकुरीत चुरा, लाल आलं, अंडं. कोबी आधीच कालवून ठेवला तर त्याला पाणी सुटतं, म्हणून तव्यावर घालायच्या वेळीच, खालून वर, हवा धरेल असं मिसळायचं. वाटी टेबलावर येते ती एवढ्यासाठी. तवा दोनशे अंशांच्या आसपास, पीठ बोटभर जाड, वर डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या. उलटायची आणि गप्प बसायचं. दाबायची नाही! लेखात तुम्हीच लिहिलंय, 'कालथ्याने चांगली दाबून भाजली तरी आतून गिच्च.' अहो ताई, दाबली म्हणूनच गिच्च.

आणि तो तवा नुसता भाजण्यासाठी नसतो, ताटही तोच. आच बारीक करायची, 'कोते' नावाच्या छोट्या कालथ्याने चौकोनी तुकडे पाडायचे आणि तिथूनच खायचं. शेवटचा घासही चटका देतो. तुम्ही सगळी एकदम बशीत काढून घेतलीत आणि मग 'गार झाली' म्हणून तक्रार केलीत.

शिवाय ओसाकात भाजून देणारी दुकानं ढिगाने आहेत. दोतोनबोरीचं मिझुनो 1945 पासून चालू आहे, तिथे त्यांची माणसंच भाजतात. स्वतः भाजायच्या दुकानातही विनंती केली तर बहुतेक वेळा कुणीतरी येऊन भाजून देतं. विचारलं होतं का?

पोळपाट_लाटणं
विचारलं नव्हतं. कारण ज्या मुलीने वाटी ठेवली तिने माझ्याकडेच कालथा दिला. टेबलावर चार माणसं, त्यात दोन धडधाकट पुरुष. कालथा माझ्याकडे.

तेन्नोजीकर, तुमचं नागाइमो आणि दोनशे अंश सगळं बरोबर असेल. मी वर्षभर सकाळी सहाला तव्यापुढे उभी असते. डबे, सासऱ्यांची मऊ पोळी, मुलांची कडक पोळी. पैसे साठवून परदेशात गेले, बूट काढले, मांडी घालून बसले, की आता कुणीतरी वाढेल. आणि समोर काय? तवा. नवरा व्हिडिओ काढतोय, मुलगा 'आई, उलट ना' म्हणतोय. शेजारच्या टेबलावर पोरं-पोरी खिदळत भाजत होती, त्यांना मजा येत असणारच. उलथणं घरात कुठल्या खणात असतं हे ज्याला ठाऊक नाही त्याला ही मौज. मला ती कामाची पाळी वाटली.

आणि हो, गार झाली, कारण तिघांना वाढून होईपर्यंत माझी राहिली.

खडूस_पेठकर
तेन्नोजीकर, घरी कोण भाजतं?

तेन्नोजीकर
मीच. एकटा राहतो.

खडूस_पेठकर
मग लग्नानंतर या चर्चेला.

ट्रामवाली_हिरोशिमा
ओसाका म्हणजे अख्खं जपान नव्हे, हे ओसाकाच्या लोकांना कुणी सांगावं? पोळपाटताई, तुम्ही चुकीच्या गावात जेवलात. आमच्या हिरोशिमात गिऱ्हाइकाच्या हातात पीठ देतच नाहीत. लांबलचक तव्यापलीकडे भाजणारा उभा, अलीकडे तुम्ही. आधी पिठाचा पातळ पापुद्रा, त्यावर माशाची पूड, त्यावर कोबीचा डोंगर, मोड, डुकराचं मांस. मग अख्खा डोंगर एका झटक्यात उलटा. तो स्वतःच्या वाफेत खाली बसत जातो, तोवर शेजारी नूडल्स परततात, शेवटी अंडं फोडून पसरतात आणि सगळं त्यावर चढवतात. हे थर घरी मलाही धड जमत नाहीत, तर प्रवाशाला कोण करू देणार?

हा पदार्थ इथे कसा वाढला तेही ऐका. युद्धाआधी पोरांसाठी एका सेनला (येनचा शंभरावा भाग) मिळणारा पातळ पापुद्रा होता, वर थोडी पात आणि सॉस. 1945 नंतर शहर बेचिराख, तांदूळ नाही, अमेरिकेकडून आलेला गहू होता. त्यावर कोबी घालून पोट भरायचं. लोकांनी तवे मांडले, त्यात नवरा गमावलेल्या बायका बऱ्याच. दुकानांच्या नावांत अजून 'चान' हे नावाला लाडाने जोडायचं शेपूट दिसतं, ते अशाच घरगुती हाकांवरून आलंय. ओकोनोमिमुरा या इमारतीत तीन मजल्यांवर अशी दुकानं एकमेकांना चिकटून आहेत, त्यांची सुरुवात रस्त्यावरच्या गाड्यांपासून. तेव्हा 'गंडवलं' हा शब्द जरा जपून.

खडूस_पेठकर
गिऱ्हाइकाला भाजू देत नाहीत म्हणता? 2023 मध्ये जी-7 परिषदेला आलेल्या ऋषी सुनकच्या हातात तुमच्याच गावात कालथा दिला होता ना?

पोळपाट_लाटणं
तो एक दिवस भाजून बातमीत आला. आमची बातमी कोण देणार?

सात्त्विक_सोलापूरकर
सगळे पीठ आणि तवा यावरच बोलताय. मूळ मुद्दा मी मांडतो. तेन्नोजीकरांनी सहज लिहिलं, 'पाण्याऐवजी दाशी'. दाशी म्हणजे माशाचं पाणी, हे का नाही लिहिलं? आमची सहल एका कंपनीतर्फे होती, नाव घेत नाही. व्यवस्थापकाने छातीठोकपणे सांगितलं, 'काका, मांस काढायला सांगितलंय, फक्त कोबी.' आईने सत्तरीत पहिल्यांदा परदेशी अन्न तोंडात घातलं, अर्धं संपवलं, आणि मग म्हणाली, 'अरे, हे वरचं हलतंय.' कात्सुओबुशी! वाफेवर हलणारे माशाचे पापुद्रे! ती माउली त्यानंतर परत येईपर्यंत केळी आणि दूध यांवर राहिली. याला फसवणूक नाही म्हणायचं तर काय?

वेसावकर
काका, आईंबद्दल वाईट वाटलं, पण फसवलं व्यवस्थापकाने. जपान्याने तर मासा उघड्यावर नाचवला, अजून किती सांगायचं?

आम्ही सुकटीवर वाढलेली माणसं. सुक्या माशाचा वास आला की तुमच्या सोसायट्यांत आमच्यावर नोटीस निघते. आता त्यांच्या देशात जाऊन त्यांनीही मासा सोडावा?

सात्त्विक_सोलापूरकर
सोसायटीचा इथे काय संबंध? मी कुणाला मासा सोडायला सांगितलं? यादीत लिहा एवढंच म्हणतोय.

वेसावकर
संबंध आहे. तुम्हाला प्रत्येक ताटाची यादी हवी, आम्हाला भाड्याने घर मिळायच्या आधीच आमच्या ताटाची यादी विचारतात.

निशिकासाईकर
तोक्योहून लिहितोय. देशातून येणाऱ्यांना जेवायला नेण्याचं काम माझ्याकडेच येतं, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो. अशा दुकानांत टेबल म्हणजेच चूल, एक टेबल अडलं की एक चूल अडली. म्हणून कित्येक ठिकाणी माणशी निदान एक पदार्थ घ्यायचा नियम असतो. आपले लोक काय करतात? सहा जण, दोन वाट्या, आणि पिशवीतून दशम्या, चटणीची बाटली. एका काकांनी दशमी त्याच तव्यावर गरम करायला ठेवली. मालकीणबाई धावत आल्या. मी कमरेत वाकून माफी मागत होतो आणि काका मला म्हणतात, 'गॅस तर चालूच होता.'

सात्त्विक_सोलापूरकर
म्हणजे शाकाहारी तो फुकट्या! लिहा, अजून लिहा. आम्ही दशमी नेतो ती हौसेने नाही. ज्या तव्यावर मघाशी डुक्कर भाजलं त्यावरच आमचा कोबी, वेगळा तवा मागितला तर हसतात.

निशिकासाईकर
हसत नाहीत हो, त्यांना कळत नाही. तवा टेबलात बसवलेला असतो, वेगळा आणणार कुठून?

ट्रामवाली_हिरोशिमा
काका, चिडू नका, नीट माहिती देते. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. पिठात दाशी असू शकते, तळणाच्या चुऱ्यात कधी कोळंबी-माकूळ असतं, सॉसमध्ये बऱ्याचदा मांसाचा किंवा कालवांचा अर्क, तव्याला कधी डुकराची चरबी. चारही गोष्टी एकेक विचाराव्या लागतात. शांतता उद्यानाजवळ शाकाहारी ओकोनोमियाकी करून देणारं दुकान आहे, माझी नणंद जैन पद्धतीचं खाते, ती तिथे विचारून, खात्री करून जेवली. पण तवा धुऊन द्या म्हटलं तर पुसून मिळेल. तेवढंही चालत नसेल तर या प्रकारच्या दुकानाची पायरी चढू नये, हे मी प्रेमाने सांगते आहे.

सात्त्विक_सोलापूरकर
प्रेमाने 'येऊ नका' म्हणालात, आभार.
चार गोष्टींची यादी मात्र उपयोगाची आहे, उतरवून घेतली. आमच्या त्या व्यवस्थापकाला यातली एकही ठाऊक नव्हती.

खडूस_पेठकर
पुण्याचं ओकायामाशी मैत्र आहे, सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान त्यातूनच उभं राहिलं. हे ओकायामा ओसाका आणि हिरोशिमा यांच्या बरोबर मध्ये. तिथल्या हिनासे बंदरात थंडीत कालवं घालून ओकोनोमियाकी करतात. बागेऐवजी ते आणलं असतं तर निदान बाहेर 'फुलं तोडू नयेत'ऐवजी 'दाबू नये' अशी पाटी लागली असती.

वेसावकर
कालवं? थंडी म्हणजे नेमके महिने कुठले, सांगा.

सात्त्विक_सोलापूरकर
झालं, आता कालवं.

निशिकासाईकर
पोळपाटताईंच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण तो दशम्यांत बुडाला. तोक्योत त्सुकिशिमाला मोन्जायाकी मिळते. निशिकासाईहून तोझाई मार्गाने मोन्झेन-नाकाचो, तिथे गाडी बदलून एकच स्थानक. कोबीचं गोल आळं करायचं, मध्ये पातळ पीठ ओतायचं, चिकटलेलं छोट्या कालथ्याने खरवडून खायचं. बघायला भयंकर, खायला झकास. तिथे एकाने भाजायचं आणि बाकीच्यांनी बसायचं असं होत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात कालथा असतो. आमच्या कंपनीतले साहेब लोक तिथेच माणसांत येतात. दोष पदार्थाचा नाही, कालथा एकाच हाताला चिकटतो त्याचा आहे. तो तर आपण इथून घेऊन जातो.

पोळपाट_लाटणं
अहो, माझं म्हणणं याहून वेगळं काय होतं? फरक इतकाच की मी त्याचे 1,200 येन भरले. कपड्यांना तळणाचा वास आला तो निराळा, हॉटेलवर गेल्यावर ते धुतले कुणी हे विचारू नका.

तेन्नोजीकर
कोट ठेवायला बाकाखाली पेटी किंवा मोठी पिशवी देतात...

पोळपाट_लाटणं
द्या अजून सूचना.

तेन्नोजीकर
बरं, राहिलं. कालथा तुमच्याच हातात का दिला, हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे खरं. पण 'जपान्यांनी गंडवलं' हे मी मान्य करणार नाही. व्हिडिओ काढणाऱ्याने गंडवलं असं लिहा, मी सही करतो.

पोळपाट_लाटणं
ते लेखात लिहिलं असतं तर घरी पुढचा भाग लिहायला मिळाला नसता. दाबायची नाही, एवढं तुमचं मान्य. परवा घरी कोबीचं करून बघितलं, न दाबता. हलकं झालं. सासरे म्हणाले, कच्चं आहे.

ट्रामवाली_हिरोशिमा
आमच्याकडे या. काउंटरवर बसायचं, हात मांडीवर. तो भाजेल, तोच कापून पुढे सरकवेल.

पोळपाट_लाटणं
येईन. एकटी येईन.

सात्त्विक_सोलापूरकर
ट्रामवालीताई, ते शाकाहारी दुकान नक्की कुठे, व्यक्तिगत निरोपात कळवा. आईला सांगणार नाही, मीच जाईन म्हणतो.

वेसावकर
आणि कालवांचे महिने राहिले सांगायचे.